पाहुणे गेले का?

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, अशी या शब्दाची फोड शाळेत आम्हांला सांगितली होती. खरी व्युत्पत्ती काय असेल ती असो, पण मला ही फोड आवडते. दारात अवचित कुणीतरी उभं राहतं, घरात जे असेल ते पुढे केलं जातं, आणि घर जसं असेल तसं दिसतं.

सरकारी पाहुण्याचं नेमकं उलटं. त्याची तिथी तर ठरलेली असतेच, पण तास आणि मिनिटंही ठरलेली असतात. विमानाची शिडी कुठे लागणार, हार कोण घालणार, गाडी कोणत्या रस्त्याने जाणार, सगळं आधी लिहून ठेवलेलं असतं. मग त्या रस्त्यावरचे खड्डे रातोरात बुजतात, दुभाजकांना पिवळे-काळे पट्टे मारले जातात, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो, आणि कुठून कुठून आणलेल्या फुलांच्या कुंड्या ओळीने मांडल्या जातात. आपण रोजच्यासारखे ऑफिसला निघालो की ध्यानात येतं, अरेच्चा, कुणीतरी येणार दिसतंय!

माझा आणि परदेशी पाहुण्यांचा पहिला संबंध सातवीत असताना आला. आमची शाळा एका मोठ्या रस्त्याला लागून होती. एके दिवशी सकाळी तास बंद ठेवून आम्हांला रस्त्याच्या कडेला रांगेत उभं केलं. प्रत्येकाच्या हातात दोन कागदी झेंडे, एक आपला आणि एक त्यांचा. 'त्यांचा' म्हणजे कुणाचा, हे बाईंनी सांगितलं होतं, पण पुढच्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर त्या देशाचं नाव तीनदा बदललं होतं. ऊन वाढत गेलं. एका मुलाला भोवळ आली, त्याला सावलीत नेऊन पाणी पाजलं. दीड-दोन तासांनी मोटारसायकली आल्या, मागोमाग काळ्या गाड्या आल्या, आम्ही झेंडे हलवले, आणि सगळं संपलं. काचा बंद होत्या. पाहुणा डाव्या बाजूला बसला होता की उजव्या, यावर आमच्या वर्गात पुढे आठवडाभर वाद चालला होता. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. आम्ही कोण होतो हे त्यालाही कधी कळलं नसेल. फिट्टंफाट!

तर सांगायचा मुद्दा हा की, शहराने पाहुण्याचं स्वागत करायचं म्हणजे नक्की कुणी कुणाचं करायचं, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे.

मुंबईत तर या प्रश्नाचं दगडी स्मारकच आहे. गेटवे ऑफ इंडिया. बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून ही वास्तू बांधली. तसा लेखच तिच्यावर कोरलेला आहे. गंमत अशी की, ज्याच्या स्वागताची ही कमान, तो आला तेव्हा ती तिथे नव्हतीच! त्याच्यासाठी तात्पुरता मंडप उभारला होता. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली पिवळसर बेसॉल्टची खरी कमान पूर्ण होऊन तिचं उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तब्बल तेरा वर्षांनी. कमानीकडे येणारा सरळ, रुंद रस्ताही योजनेत होता. पैसे संपले आणि तो राहूनच गेला. म्हणून आजही गेटवे रस्त्याला थोडा तिरका उभा आहे. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली. स्वागतासाठी बांधलेलं दार निरोपाच्या उपयोगी पडलं.

पण मला गेटवेबद्दल राग नाही. उलट प्रेमच आहे. कारण पाहुणा गेला आणि दार आपल्याला राहिलं. आज तिथे नाशिकचं, लातूरचं कुटुंब फोटो काढून घेतं, फुगेवाला फिरतो, एलिफंट्याच्या लाँचवाले ओरडत असतात. कुठल्या बादशहासाठी हे बांधलं हे त्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. पाहुण्याच्या निमित्ताने केलेली गोष्ट घरच्यांना उरली, हे स्वागत माझ्या मते चांगलं.

आता दुसऱ्या प्रकारचं स्वागत बघू. २४ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प अहमदाबादेत आले. मोटेराच्या स्टेडियमवर प्रचंड गर्दीची सभा झाली. पण त्याआधीच्या बातम्यांत गाजली ती एक भिंत. विमानतळ ते इंदिरा पूल या रस्त्याच्या कडेला वस्ती आहे, तिच्यापुढे नवी भिंत उभी राहिली. भिंत आधीच ठरलेली होती, अतिक्रमण थांबवण्यासाठी होती, असं अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. असेलही. पण मुहूर्त मात्र मोठा बोलका होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादला जागतिक उद्योजकांची परिषद भरली, इव्हान्का ट्रम्प आल्या, तेव्हा शहरात दोन महिने भीक मागायला बंदी घालण्यात आली आणि भिकाऱ्यांना उचलून निवाऱ्यांत नेलं. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० ची बैठक मुंबईत झाली तेव्हा जोगेश्वरीकडच्या झोपड्यांपुढे कापडी पडदे लागल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीला शिखर परिषद झाली, तिथेही वस्त्यांपुढे हिरवी जाळी आली. तिथे माकडांना घाबरवायला रस्तोरस्ती लंगुरांचे कटआउटही उभे केले होते. माकडांनी निदान खऱ्या-खोट्याची परीक्षा तरी केली असेल. पाहुण्यांनी केली की नाही, कोण जाणे.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच चालतं. नाही हो. जून २०१३ मध्ये नॉर्दर्न आयर्लंडच्या फर्मॅना परगण्यात जी-८ ची बैठक होती. मंदीत बंद पडलेल्या दुकानांच्या काचांवर त्यांनी भरलेल्या दुकानांची मोठमोठी चित्रं चिकटवली, म्हणजे गाडीतून जाताना दुकानं चालू आहेत असं वाटावं. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग आणि इतर नेते सॅन फ्रान्सिस्कोला येणार म्हणून रस्ते झाडूनपुसून लख्ख केले, बेघरांचे तंबू काही भागांतून हलले. त्यावर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी सरळ सांगून टाकलं, की पाहुणे येताहेत म्हणून आवरतोय असं लोक म्हणतात, आणि ते खरंच आहे. मला त्या माणसाच्या कबुलीचं कौतुक वाटलं. कबुलीने तंबूतल्या माणसाला घर मिळत नाही हा भाग वेगळा.

इथे माझ्या मनातलाच एक वकील उभा राहतो. तो म्हणतो, "अहो, तुमच्या घरी पाहुणे येतात तेव्हा तुम्ही काय करता? पलंगावरची चादर बदलता ना? शेल्फवरची धूळ पुसता ना? फुटक्या कपातून चहा देता का? मग शहराने तेच केलं तर एवढा गहजब कशाला?"

वकिलाचा मुद्दा बिनतोड आहे. आवरण्यात काही गैर नाही. उलट पाहुणे येणार म्हटल्यावर जी कामं सहा महिने रखडलेली असतात ती अर्ध्या दिवसात होतात, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे. पण आवरणं वेगळं आणि लपवणं वेगळं. आणि हा फरक मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. तो मला माझ्या घरातच कळला, आणि कळायला बरीच वर्षं लागली.

आम्ही चाळीत दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा, ताई, मी आणि आजी. ताईला बघायला पहिल्यांदा मंडळी येणार होती. घरात चार दिवस नुसती धांदल. बाबांनी स्वतः पुढच्या खोलीला रंग दिला. मागच्या खोलीला नाही, कारण तिथपर्यंत पाहुणे येणार नव्हते. शेजारून चार सारखे कप आणले, दोन खुर्च्या आणल्या. इथवर सगळं ठीक. प्रश्न होता आजीचा. आजीला दम्याचा त्रास. खोकल्याची उबळ आली की पाच-पाच मिनिटं थांबायची नाही, आणि बोलणं असं मोठ्याने की खालच्या मजल्यावर ऐकू जावं. शेवटी आईने हळूच सुचवलं, "आजींना तेवढा वेळ शेजारी काकूंकडे बसवू या का?" बाबा काही बोलले नाहीत. आजीला मीच हाताला धरून पलीकडे नेलं. ती काहीच म्हणाली नाही. जाताना तिने फक्त आपला तपकिरीचा डबा बरोबर घेतला.

मंडळी आली. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईने सहज विचारलं, "तुमच्याकडे कुणी वडीलधारं माणूस नाही का?" बाबा म्हणाले, "आई आहे, पण गावाला गेली आहे." आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. चाळीच्या भिंती त्या! कुणी काही बोललं नाही. सगळे कपातल्या चहाकडे बघत राहिले. मला आठवतंय, बाबांच्या नव्या रंगाचा वास तेव्हा एकदम फार उग्र वाटला होता.

ते लग्न जमलं नाही. आजीमुळे नाही, पत्रिका जुळली नाही म्हणून. पण मला लक्षात राहिलं ते पुढचं. मंडळी जिना उतरून गेल्यावर मी आजीला आणायला गेलो. ती काकूंच्या दारामागे, उंबऱ्याशी बसली होती. मला म्हणाली, "पावणे गेले का रे? येऊ का मी आता?"

स्वतःच्या घरात यायला तिने माझी परवानगी मागितली. अकरा-बारा वर्षांच्या नातवाची.

मग जेव्हा जेव्हा वस्त्यांपुढचे हिरवे पडदे बघतो तेव्हा मला भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येतो. पडदा लागतो तेव्हा कचऱ्यावर लागत नाही. कचरा उचलता आला असता. पडदा लागतो तो माणसांवर. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी अशाच एका वस्तीत राहतात. काही वर्षांपूर्वी कसल्याशा परिषदेच्या वेळी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी कापड ताणलं होतं. मी जरा तावातावाने विचारलं, "तुम्हांला राग नाही आला?" मावशी पोळी उलटत म्हणाल्या, "राग कसला दादा! वारा बंद झाला तेवढाच तरास. पावणे गेले की काढत्यात." त्यांचा तो शांतपणा मला जास्त झोंबला. आपल्याला लपवलं जातं याची त्यांना सवय झाली होती.

शहर म्हणजे रस्ते आणि दिव्याचे खांब नव्हेत. या शहरातल्या पोळ्या ज्या करतात, डबे जे पोचवतात, नाले जे उपसतात, त्यांना पडद्याआड ठेवून 'शहराने स्वागत केलं' असं म्हणायचं, तर ते शहर कोण? १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हा हा प्रश्न फार वाईट रीतीने उभा राहिला होता. एक मुंबई त्याच्या स्वागताला गेली होती. दुसरी मुंबई बहिष्कार घालून परळला गांधीजींच्या सभेला गेली होती, तिथे परदेशी कापडाची होळी झाली. त्याच दिवशी दोन मुंबया एकमेकींवर तुटून पडल्या. स्वागताहून परतणाऱ्यांना मारहाण झाली, पुढचे काही दिवस दंगल चालली, माणसं मेली. गांधीजींनी त्यासाठी उपोषण केलं. स्वागत न करणाऱ्यांचंही सगळं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. पण हुकमाने केलेलं स्वागत शहराचं नसतं, ते हुकूम काढणाऱ्याचं असतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

खरं म्हणजे मुंबईत स्वागतासाठी शहराचा म्हणून माणूस ठेवायची पद्धत आहे. महापौर हा शहराचा प्रथम नागरिक. शिवाय नगरपाल नावाचं एक पद आहे, शेरीफ. अधिकार काही नाहीत, मान आहे. परदेशी पाहुण्यांचं स्वागत करणं हे त्याचं एक काम. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांनी हे पद भूषवलेलं आहे. कल्पना किती छान आहे बघा, की पाहुण्याला भेटायला सत्तेतला माणूस न पाठवता शहराला आपला वाटणारा माणूस पाठवावा. पण गेल्या काही वर्षांत स्वागताचे फलक बघितले तर शहर कुठे दिसतच नाही, दिसतात ते नेत्यांचे चेहरे. डिसेंबर २०२२ च्या त्या बैठकीच्या वेळी तर मुंबईला महापौरच नव्हता. मार्चमध्ये पालिकेची मुदत संपली होती, निवडणूक झाली नव्हती, कारभार प्रशासकाकडे होता. जगातून पाहुणे आले, आणि यजमान घराला कर्ता माणूसच नाही!

चांगलं स्वागत कसं असतं, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. १६७४ च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडाला आला. महाराज प्रतापगडला भवानीच्या दर्शनाला गेले होते, म्हणून त्याला पायथ्याला पाचाडला थांबावं लागलं. मग गडावर राहायला जागा दिली, राज्याभिषेक बघायला मिळाला. दरवाजाशी उभे असलेले हत्ती या अवघड वाटेने वर आणले तरी कसे, याचं त्याला नवल वाटलं, ते त्याने लिहून ठेवलं आहे. सिंहासनाजवळ भाल्याच्या टोकाला लावलेला तराजूही त्याने पाहिला. थाट होता, नाही असं नाही. पण तो आपल्याजवळ जे आहे ते दाखवण्याचा होता. पाहुणा आला म्हणून यजमानाने आपलं देवदर्शन अर्धं सोडलं नाही, हे मला त्यात फार महत्त्वाचं वाटतं.

आणि अगदी अलीकडचं उदाहरण. नोव्हेंबर २००३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज आणि आताचे राजे चार्ल्स मुंबईत आले असताना डबेवाल्यांना भेटायला चर्चगेट स्टेशनाबाहेर गेले. डबेवाले काही त्यांच्या हॉटेलवर गेले नाहीत. जेवणाची वेळ चुकवून चालणार नव्हतं, म्हणून भेट डब्यांच्या वेळापत्रकात बसवली गेली, असं डबेवाले अभिमानाने सांगतात. रस्त्यावर पाट्या, सायकली, डोक्यावर टोप्या, सगळं रोजचं. पडदा नाही. पुढे एप्रिल २००५ मध्ये युवराजांच्या लग्नाला डबेवाल्यांना आमंत्रण आलं आणि त्यांच्यातले दोघं इंग्लंडला जाऊन आले. मुंबईत तेव्हा त्या पाहुण्याला कितीतरी हार घातले गेले असतील. त्याच्या लक्षात राहिले डबेवाले.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पाहुण्यासाठी रस्ता जरूर दुरुस्त करा, पण तो पुढच्या पावसात टिकेल असा करा. कुंड्या आणल्या तर त्या पाहुण्याचं विमान उडाल्यावर उचलून नेऊ नका. किती खर्च केला आणि त्यातलं काय शहराला उरलं, हे महिन्याभराने लोकांना सांगा. शाळेच्या पोरांना उन्हात उभं करू नका. आणि कापड ताणण्याआधी त्याच पैशांत त्या गल्लीतल्या किती शौचालयांना दारं बसली असती, याचा हिशोब करा. दार बसवणं म्हणजे आवरणं. कापड ताणणं म्हणजे लपवणं. पाहुणे काही दूधखुळे नसतात. भिंतीपलीकडचा खोकला त्यांनाही ऐकू येतो. फक्त ते सभ्यपणे कपातल्या चहाकडे बघतात.

ताईचं लग्न पुढे दोन वर्षांनी ठरलं. त्या वेळी मंडळी आली तेव्हा आजी पुढच्या खोलीत, खुर्चीवर, मधोमध बसली होती. बाबांनीच बसवलं होतं. ती भरपूर खोकली, मोठमोठ्याने बोलली, आणि होणाऱ्या जावयाला त्याचा पगारही विचारला. आईने कपाळाला हात लावला. भावोजी अजूनही तो किस्सा सांगतात, आणि दर वेळी शेवटी म्हणतात, "आजीला बघूनच मी हो म्हटलं."

असो. आजी जाऊन आता खूप वर्षं झाली. पण तिला दाराबाहेर नेणारा हात माझा होता, हे काही विसरता येत नाही. एखादा मोठा पाहुणा शहरात येऊन जातो, संध्याकाळी रस्ते पुन्हा मोकळे होतात, कापडं सोडायला माणसं शिडी घेऊन येतात. अशा वेळी त्या कापडामागून कुणीतरी विचारत असेल असं मला वाटत राहतं, "पावणे गेले का? येऊ का आम्ही आता?"